दोरीवरचा स्वेटर

थोरा रेंडॉलने बावीस वर्षं स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या वेस्ट्रे बेटावर टपाल वाटलं. कुणाचं कुत्रं चावतं आणि कुणाचं नुसतंच भुंकतं, हे तिने झोपेतही सांगितलं असतं. आता बावन्नाव्या वर्षी स्वतःच्या फाटकापर्यंत जायचं तरी तिला आधी विचार करावा लागे. एम.एस.ने, मज्जातंतूंच्या त्या आजाराने, तिचा उजवा पाय धरला होता. वेस्ट्रेसारख्या ऑर्कनीच्या बेटांवर या आजाराचं कुणाला नवल नाही, प्रत्येकाच्या नात्यात एक तरी काठी असतेच. पण दुसऱ्याची काठी वेगळी आणि आपली वेगळी.

दवाखान्यातल्या व्यायाम शिकवणाऱ्या बाईने तिच्या फोनमध्ये पावलं मोजणारं अ‍ॅप घालून दिलं. "जमेल तेवढंच चाला, दमलात तर बसा," असं ती बिचारी दोनदा म्हणाली. पण कर्कवॉल शहरात राहणारा धाकटा भाऊ अर्लेंड शेजारीच बसला होता. त्याने तेच अ‍ॅप आपल्या फोनलाही जोडून घेतलं, त्यात लक्ष्यही स्वतःच भरलं आणि बोटीच्या धक्क्यावर निरोप घेताना बजावलं, "आठवड्याला चौदा हजार. झाली तर राहा एकटी. नाही झाली तर आमच्याकडे कर्कवॉलला यायचं. खालची खोली रिकामीच आहे."

त्या खोलीच्या खिडकीसमोर शेजाऱ्याच्या गॅरेजची भिंत होती. थोराला समुद्र दिसल्याशिवाय चहा जात नसे. माया आंधळी असते म्हणतात, अर्लेंडची मात्र दुर्बीण लावून बसली होती. सकाळी आकडा हलला नाही की घरचा फोन वाजायचा.

"उठलीस का? दोनशेच दिसतायत."

"बाथरूमला जाऊन आले. तिथे काय नाचू?"

भीक नको पण कुत्रं आवर, अशी तिची गत झाली.

एका मंगळवारी कोळशाच्या धुराचा वास जावा म्हणून तिने स्वेटर दोरीवर घातला आणि खिशातला फोन विसरली. तिथला वारा असा की झाड उभं राहत नाही. संध्याकाळी पाहते तो दोन हजार पावलं. ती पोट धरून हसली. तेवढ्यात अर्लेंडचा निरोप आला, शाब्बास. मग तिचं हसू ओसरलं.

पुढचा आठवडा वाईट गेला. पाय ओल्या पोत्यासारखा ओढावा लागे. रविवारी दुपारी एक वाजता आकडा होता अकरा हजार आठशे, आणि अ‍ॅपचा आठवडा संध्याकाळी सहाला संपत होता. थोराने स्वेटर काढला, फोन खिशात ठेवून वर पिन लावली आणि भिंत धरत धरत मागच्या दारी जाऊन स्वेटर दोरीला चिमटे लावून टांगला. परत येऊन किटलीकडे वळली, तर उजवा पाय तिच्याबरोबर वळलाच नाही.

फरशीवरून तिला दाराच्या काचेतून दोरी दिसत होती. स्वेटर दोन्ही बाह्या हलवत झपाझप चालला होता. टेबलाचा पाय धरून उठायला गेली, तर टेबलच सरकलं. वरच्या फळीवर घरचा फोन वाजला, बराच वेळ वाजून थांबला. आता अर्लेंड अ‍ॅप उघडणार, पावलं चढताना बघणार आणि म्हणणार, गेलीये फिरायला. आपल्याच हातांनी तिने मदतीची वाट बंद केली होती. तिला भीती वाटली, आणि भीतीपेक्षा स्वतःचा राग जास्त आला. अशी ती साडेतीन तास पडून होती.

मग मागचं दार धाडकन उघडलं. शेजारची रूबीमावशी, वय ब्याऐंशी, चर्चमधल्या दुपारच्या प्रार्थनेची टोपी अजून डोक्यावर, काखेत स्वेटर. रविवारी दोरीवर साधा रुमालही घालू नये ही जुनी रीत अख्ख्या बेटावर आता ती एकटीच पाळत होती, आणि जमेल तिथे इतरांनाही पाळायला लावत होती.

"थोरा, देवाच्या वारी कपडे वाळत? तुझी आई असती तर..." आणि तिने खाली पाहिलं.

खुर्ची पुढे करून, ढकलत, ओढत मावशीने तिला वर बसवलं. घोंगडी आली, चहा आला. थोराने सगळं सांगून टाकलं.

"म्हणजे वारा चालतो आणि तू आराम करतेस."

"फरशीवर, मावशी."

घरचा फोन पुन्हा वाजला. "खरं कळलं तर उद्याच्याच बोटीने नेईल तो मला," थोरा म्हणाली.

मावशीने फोन उचलला. "अर्लेंड? हो, आहे की. खुर्चीत बसलीये, चहा पितेय. फार दमलीये रे, उद्या बोल." त्यात एक अक्षर खोटं नव्हतं.

फोन ठेवून तिने विचारलं, "किती कमी पडतायत?"

"पाचशे."

मावशी घड्याळाकडे बघत राहिली. मग तिने डोक्यावरची टोपी काढून टेबलावर ठेवली, स्वेटर उचलला आणि बाहेर गेली. थोराने काचेतून पाहिलं. म्हातारी चिमटे दातांत धरून, रविवारी, तो स्वेटर दोरीला लावत होती.

सहा वाजता ती स्वेटर घेऊन परत आली. चौदा हजार वीस. खोली टळली होती, आणि थोराला रडू आलं.

मावशीने फोन डोळ्यांजवळ नेला. "छान प्रगती, म्हणतंय हे. पुढच्या आठवड्याला सोळा हजार मागतंय गं."

थोराने डोळे पुसले. "उद्या वारा आहे का, मावशी?"