वच्छलाबाईंची जर्मनीची तयारी

वच्छलाबाईंचं माहेर मंगळवेढ्याचं. लग्न होऊन सोलापुरात आल्या, तोच त्यांचा सगळ्यात लांबचा प्रवास. मालक मानसिंगराव ट्रक चालवायचे. चालवता चालवता स्वतःचा एक घेतला, मग दुसरा, आणि सत्त्याहत्तर सालापर्यंत टेंभुर्णी नाक्यावर त्यांच्या नावाची पाटी लागली. पहिल्या ट्रकचं इंजिन जर्मन बनावटीचं होतं. घाटात ते कधी दगा देत नसे, म्हणून मानसिंगरावांनी मनाशी ठरवलं होतं, की असलं इंजिन करणारा मुलूख एकदा पोराबाळांना दाखवायचाच.

मुंबईच्या एका कंपनीची सहल मे महिन्यात निघणार असल्याचं कळलं आणि त्यांनी चौघांची नावं घातली. आपली, वच्छलाबाईंची, अकरा वर्षांच्या सारजाची आणि धाकट्या आबाची.

घरात धांदल उडाली. सोलापूरच्या उन्हाळ्यात वच्छलाबाई स्वेटर विणायला बसल्या. लोकर घामानं बोटांना चिकटायची. आबा माकडटोपी घालून अंगणात फिरायचा आणि शेजारच्या बाया तोंडाला पदर लावून हसायच्या. पासपोर्टच्या फोटोला फोटोवाला म्हणाला, "डोक्यावरचा पदर जरा मागं घ्या." तर त्या म्हणाल्या, "मागं घेटला तर मला वळखंल कोण?"

मार्चमध्ये कंपनीचे यज्ञेश्वर भट सोलापुरात आले. इथून जाणाऱ्या चार-पाच कुटुंबांना त्यांनी एका हॉटेलात बोलावलं होतं. ते थंडीबद्दल, जेवणाबद्दल, बसबद्दल छान समजावून सांगत होते. तेवढ्यात त्यांचं लक्ष सारजाच्या पायाकडे गेलं. लहानपणी पोलिओ झाला होता. डाव्या पायाला गुडघ्यापर्यंत लोखंडी पट्ट्यांचा बूट होता.

बैठक संपल्यावर भटांनी मानसिंगरावांना बाजूला घेतलं. "साहेब, वाईट वाटून घेऊ नका. तिकडं खूप चालावं लागतं. किल्ले, चर्चचे जिने. एकीसाठी सगळ्यांना थांबवता येत नाही. मुलीला मामाकडे ठेवता आलं तर बघा. नाहीतर पुढच्या महिन्यात मी परत येतोय, तोवर चालण्याची सवय करा. मग पाहू."

घरी आल्यावर मानसिंगरावांनी ते सांगितलं. वच्छलाबाईंनी सगळं ऐकलं आणि एवढंच म्हणाल्या, "ती न्हाय तर मी बी न्हाय."

दुसऱ्या दिवसापासून उन्हं चढायच्या आधी त्या सारजाला घेऊन पार्कच्या मैदानावर जाऊ लागल्या. आधी एक फेरी, मग दोन. सारजा दमली, की म्हणायच्या, "आनि थोडं बाळा, त्या झाडापतूर." पोर तक्रार करायची नाही. ओठ दाबून चालायची. वच्छलाबाईंना वाटे, जमतंय.

एका सकाळी घरी येऊन त्यांनी तिचा बूट सोडला, तर मोजा रक्तानं चिकटलेला. पट्टा घासून घोट्याची सालपटं निघाली होती.

"अगं, सांगितलं का न्हाईस?"

"तू लई खूश होतीस की," सारजा म्हणाली. मग म्हणाली, "आई, मला तितं चालायचंच न्हाय. मला बघायचंय. बसून बी दिसतं की."

वच्छलाबाईंनी हळदीचं तेल लावलं, पट्टी बांधली. स्वतःवरच चिडल्या होत्या. मैदानावरच्या फेऱ्या त्या दिवशीच बंद झाल्या.

एप्रिलमध्ये पुन्हा बैठक भरली. भटांनी विचारलं, "काय, किती चालते आता?"

मानसिंगराव उत्तर देणार तोच वच्छलाबाई उभ्या राहिल्या. चारचौघांत बोलायची त्यांची पहिलीच वेळ. "चालत न्हाय. आनि चालवनार बी न्हाय. तुमी सगळे वर जावा, आमी मायलेकी खाली बसू. तुमी आल्यावर बशीत बसू. तुमाला थांबायला लागायचं न्हाय. खालून जेवढं दिसंल तेवढी जर्मनी आमाला पुरं."

भट पेनाचं टोपण उघडझाप करत राहिले. तेवढ्यात मागून रत्नम्मा बोलल्या. याही सहलीला निघालेल्या, यंत्रमागवाल्यांच्या घरच्या, तेलगू बोलणाऱ्या पद्मशाली, अंगानं भक्कम. "भटसाहेब, माझं पण लिहा. माझे गुडघे किल्ल्याला येत नाही म्हणतात. मी बसते पोरीसंगं. वैनी, तुम्ही जावा वर."

सगळे हसले. भटही हसले. "ठीक आहे," ते म्हणाले, "बसमध्ये पुढची खिडकी हिची. पण ताई, कुठं हरवायचं नाही."

"आमी बसलेलीच असनार," वच्छलाबाई म्हणाल्या, "हरवायचं तुमी न्हाय."

मग तयारीला खरा रंग चढला. कडक भाकरीचे डबे भरले, शेंगाचटणी कुटली. सारजाच्या बुटाच्या पट्ट्याला वच्छलाबाईंनी आतून उरलेल्या लोकरीची गादी शिवली.

मे महिन्यात जर्मनीतल्या हायडेलबर्गला नदीकाठी बस थांबली. मंडळी किल्ल्यावर निघाली. रत्नम्मांनी ढकललंच म्हणून वच्छलाबाईही निघाल्या. लेकीला सोडून कुठं जायची सवय नव्हती, म्हणून पहिल्या वळणापर्यंत चारदा मागं वळल्या. वर गेल्या, लाल दगडाचे पडके बुरूज पाहिले, वाऱ्यानं पदर उडाला तो धरून उभ्या राहिल्या. खाली बाकावर दोन ठिपके दिसत होते, एक जाड, एक बारीक.

खाली आल्या तर सारजा बोलायची थांबेना. "आई, माल भरलेली येवढी मोठी होडी गेली! तिच्यावर घर हुतं. खिडकीला पडदे, दोरीवर कापडं वाळत घाटलेली. एक कुत्रं आमच्याकडं बघून भुंकत हुतं. रत्नम्मामावशी त्याला तेलगूत काहीतरी बोलल्या, तर गप्पच बसलं."

दुसऱ्या गावात भट मंडळींना घेऊन चर्चच्या मनोऱ्याकडे निघाले, तेव्हा वच्छलाबाईंनी मानसिंगरावांना आणि आबाला पुढं धाडलं. "अवो, तुमीच जावा. मला बी बसूनच बघायचंय," म्हणाल्या, आणि चौकातल्या बाकावर लेकीशेजारी पदर सावरून बसल्या.