कानिफचं चूलबंद आवतण

आमच्या वाडीत कुणाच्याही स्वयंपाकघरात न विचारता शिरेल असा गडी एकच, कानिफनाथ. सोनईच्या गॅस एजन्सीचा टेम्पो तो चालवतो. शहरातले गॅसवाले म्हणे टाकी दारात आपटतात आणि निघून जातात. आमच्या कानिफचं तसं नाही. भरली टाकी खांद्यावरनं आत आणणार, रिकामी काढणार, खिशातलं नवं वायसर बसवणार, वाटीत साबणाचा फेस करून तोंडाशी लावून बुडबुडा येतोय का बघणार, आणि मग स्वतः काडी ओढून शेगडी पेटवणार. निळा जाळ दिसल्यावरच पाणी मागणार. हे चालू असताना तोंडही चालूच. "काकू, मिसरी कमी करा." "वैनी, पोराला दूध पाजता का पानी?" कुणाची सासू वेगळं राहायच्या बेतात आहे ते तिच्या लेकाच्या आधी कानिफला कळतं. पण या घरातलं त्यानं त्या घरात कधी नेलं नाही.

मी त्याच्या शेजारची. त्याला लंगोटात बघितलाय, त्यामुळं त्याचं कौतुक करायची मला लाज वाटत नाही.

त्याला एकच लेक, रुपाली. ती रांगत होती तेव्हापासून हा म्हणायचा, "रुपीच्या लग्नात वाडीला चूलबंद आवतण देनार." चूलबंद म्हणजे घरातल्या एकानं जेवून यायचं आवतण नव्हे. त्या दिवशी एकाही घरात चूल पेटवायची नाही. लेकरं, म्हातारी, आलेले पाहुणे, झाडून सगळ्यांनी मांडवात जेवायचं. एका घरात जरी पेटली तरी आवतण मोडलं असं धरतात. बागायतदार लोकांनी द्यायचं असतं ते. मी म्हटलं, "आरं, तुझी ऐपत काय, बोलतो काय?"

तर म्हणाला, "काकू, समद्या वाडीच्या शेगड्या मी पेटवल्या. एक दिवस बंद बी मीच करतो की."

यंदा रुपालीचं लग्न ठरलं आणि तिकडं आखातात लढाई जुंपली. टीव्हीवर जहाजं दाखवायचे, चिंचोळ्या समुद्रात एकामागं एक उभी, म्हशी आडव्या आल्यावर गाड्या उभ्या राहतात तशी. मला वाटलं, परमुलखातली भांडणं, आपल्याला काय त्याचं? मग तेलाची पिशवी रोज नव्या भावानं मिळायला लागली. युरियासाठी माणसं पहाटेपासून सोसायटीच्या दारात बसायला लागली. चाळीतला कांदा कुणी विचारीना. कानिफच सांगायचा, "काकू, तिकडून गॅस येईना आन् इकडून कांदा जाईना."

भरून येणारा टेम्पो अर्धा येऊ लागला, मग त्याहून कमी. ज्याला बघून बायका पदर खोचून दारात यायच्या, त्याला बघून तोंडं वाकडी व्हायला लागली. "काय कानिफशेठ, आज कुनाचं नशीब उघडलं?" शेठ म्हणायला लागले, त्यातच सगळं आलं.

त्यानं वाडीत चहा सोडला. माझ्याकडंसुद्धा. कप पुढं केला तर उंबऱ्यापलीकडूनच हात जोडले. "नको काकू. लोक म्हनतील, च्यापायी म्हातारीला टाकी दिली."

"मुडद्या, माझी टाकी तर रिकामी पडलीय!"

"म्हनूनच नको. आज प्यालो तर तुमचा नंबर आल्यावर बोलतील."

लग्न तोंडावर आलं आणि आचाऱ्यानं हात वर केले. "टाक्या तुमी द्या, सैपाक मी करतो. गॅसवाल्याच्या मांडवात गॅस न्हाई म्हनता? कुनाला सांगता?" कानिफची बायको मुक्ता माझ्याकडं येऊन डोळे पुसत बसली. म्हणाली, चूलबंदचा नाद सोडायला सांगा, घरच्या माणसांत उरकू. मी कानिफला सांगून बघितलं.

तो म्हणाला, "टेम्पोवरची एक टाकी मांडवात आली तर मला ह्या वाडीत तोंड न्हाई. आन् बोलून ठेवलेलं चूलबंद दिलं न्हाई तरी तोंड न्हाई. सांगा आता."

मी काय सांगणार? पण मला पीरमहंमदचं गुऱ्हाळ आठवलं. ओढ्यापलीकडं, हंगाम संपून गार पडलेलं. तिथली गूळ आटवायची काहील एवढी मोठी की माझ्यासारख्या चार म्हाताऱ्या आत बसून अंघोळ करतील. आणि तिच्याखालच्या चुलाणाला कुठलं जहाज लागत नाही, उसाची वाळली चिपाडं लागतात. त्यांची तर गंज पडलेली.

आम्ही दोघं गेलो. पीरमहंमद बाजेवर बसून नखं काढत होता. सगळं ऐकून म्हणाला, "काहील घ्या, चुलाण घ्या, मलाबी धरा कामाला. पन बुंदीच्या नादी लागू नका, तेलाचा भाव बघा. लापशी करा. गूळ घरचा हाय."

कानिफ डोकं खाजवत म्हणाला, "चाचा, लग्नात लापशी? लोक हसतील."

"तुझ्या बापाच्या लग्नात लापशीच हुती. मी पोरगा हुतो, दोन पंगतींना बसलो. मला उठवलं, पन हसलं कुनी न्हाई."

ठरलं. मांडव गुऱ्हाळापुढंच घालायचा. कानिफ अक्षता घेऊन घरोघर फिरला. ज्या घरात आधी सरळ चुलीपर्यंत जायचा, तिथं बाहेर उभा राहून म्हणायचा, "चूलबंद हाय बरं का. लेकराबाळांसकट या." नाही कोण म्हणणार? त्या दिवसांत एक वेळचा गॅस वाचतोय म्हटल्यावर भांडलेली भावकीसुद्धा हो म्हणाली.

एका घरात मात्र गाडी अडली. खालच्या आळीची ज्योती. तिच्या सासूला दमा, धूर चालत नाही, म्हणून तिचा जीव टाकीत अडकलेला. गॅस नोंदवला की मोबाईलवर एक आकडा येतो, टाकी हातात पडली की तो सांगायचा, अशी रीत. तिला टेम्पोवरून फोन आला, "निघालोच हाय, आकडा सांगून ठेवा." तिनं सांगितला. मोबाईलवर 'टाकी पोचली' असा निरोप आला. टाकी काही आली नाही.

ती कानिफच्या अंगणात येऊन उभी राहिली, मी भिंतीआड तांदूळ निवडत होते. कानिफनं मेव्हण्याला हाक मारली. मुक्ताचा भाऊ आजिनाथ त्याच टेम्पोवर टाक्या उतरवतो.

आजिनाथ म्हणाला, "मला काय ठावं दाजी? मशीनीचा घोळ असंल."

कानिफनं त्याचा शब्द खरा धरला. ज्योतीला म्हणाला, "पोरीची आन घेऊन सांगतो, तुझी टाकी आमच्याकडं न्हाई."

"व्हय का? मग तुमचं चूलबंद तुमच्यापाशी ठेवा, भाऊजी. त्या दिवशी माझ्या घरी चूल पेटनार. गॅस न्हाई तर लाकडं जाळीन, पन पेटनार. बघू दे समद्या वाडीला धूर."

ती गेली. कानिफ हातातल्या अक्षता एकेक करून परत वाटीत टाकत राहिला.

लग्नाच्या सकाळी चुलाण असं पेटलं की काय सांगू. काहिलीत आमटी, बाजूच्या चरावर भात, आणि लापशीचं भगोणं माझ्या ताब्यात. पीरमहंमद लुंगी खोचून आमटीत फावड्याएवढा डाव फिरवत होता. वऱ्हाडाची गाडी रस्त्याला दिसली. चिपाडं कमी पडली म्हणून मी गंजीच्या मागच्या अंगानं ओढायला गेले, तर हात गार लोखंडाला लागला. चिपाडं बाजूला केली. लाल टाकी, सीलबंद.

मी ओरडले नाही. कानिफला बोलावलं. डोक्याला अर्धा फेटा गुंडाळलेला, अर्धा हातात, तसाच आला. मागून आजिनाथ आला आणि टाकी बघून तिथंच थबकला.

"कुनाची?" कानिफनं विचारलं.

"ज्योतीवैनीची." आजिनाथ चिपाडं पायानं सारत म्हणाला. "दाजी, चुलाण ऐन वक्ताला विझलं असतं तर? अवकाळी आला असता तर? मी मामा हाय. भाचीच्या लग्नात पंगत उपाशी उठली तर मी काय करायचं? उद्या नेऊन देनार हुतो, आईशप्पत."

आता याला काय बोलावं? चोरी खरी, आणि मायाही खरी. मुक्ता धावत आली, म्हणाली, "वऱ्हाड दारात हाय. झाका ती, उद्या बघू."

कानिफ म्हणाला, "उद्या दिली तर चूलबंद पार पाडायला चोरली हुती असंच हुईल." फेट्याचा उरलेला शेव त्यानं कसाबसा खोचला, आजिनाथला म्हणाला, "चुलाणात चिपाडं घाल, मामा," आणि नव्या पांढऱ्या सदऱ्यावर टाकी घेऊन चालायला लागला. मी लापशीचा डाव दुसरीच्या हातात दिला आणि मागं निघाले. म्हातारी बरोबर असली तर ज्योती निदान दगड मारणार नाही.

ज्योती अंगणात तीन दगड मांडून, त्यात लाकडं रचून, काड्याची पेटी घेऊन बसली होती. पेटवलं नव्हतं. आत सासूची ढास चालू होती म्हणून थांबली असेल, नाहीतर धूर बघायला वाडी मोकळी व्हायची वाट बघत असेल.

आम्हाला बघून उठली. "आज चूलबंद आन् आजच टाकी? चेष्टा करायला आलाव का?"

"तुझीच हाय. माझ्याच मांडवात निघाली. तू म्हनालीस ते खरं, मी आन घेतली ती खोटी पडली."

"कुनी ठिवली?"

"टेम्पो माझा हाय," कानिफ म्हणाला. एवढंच.

ज्योतीनं त्याच्या सदऱ्यावरचा टाकीचा लाल डाग बघितला. मग हनुवटी वर केली. "आन् आता मी पेटवली तर?"

"पेटव. टाकी तुझी, शेगडी तुझी."

आणि हा बाबा आत गेला. रिकामी काढली, वायसर बदललं, साबणाची वाटी मागितली. वऱ्हाड तिकडं दारात उभं, आणि नवरीचा बाप इकडं बुडबुडे बघत वाकलेला! मग काडी ओढली. स्वतःच्या हातानं स्वतःचं आवतण मोडायला निघालेला माणूस मी पहिल्यांदाच बघितला. निळा जाळ आला. त्यानं बटन बंदही केलं नाही. रोज जसा पेटती शेगडी घरधनिणीच्या हवाली करून निघतो, तसाच निघाला.

वाटेत मी त्याला झाडला. "शानपना लई झाला तुझा. बंद करून यायला काय झालं हुतं?"

"तिच्या घरातली शेगडी मी कशी बंद करू, काकू?"

लग्न लागलं. मामानं मुलीला बोहल्यावर आणायची रीत, तर आमचे मामा चुलाणातून उठून आलेले, तोंडभर काजळी. वरमाई दचकून मागं सरली. रुपाली अंतरपाटाआड हसायला लागली ती मंगलाष्टकं संपेपर्यंत थांबली नाही.

पंगती बसल्या. काहील चार वेळा घासली होती, तरी आमटी गोडसर झालीच. पहिल्या घासाला सगळ्यांनी एकमेकांकडं बघितलं, दुसऱ्या घासाला वाटी पुढं केली. गेल्या महिन्यात शेठ म्हणणारेच आता, "कानिफभाऊ, आमटी इकडं!" करत होते. भाऊ मात्र वाढता वाढता ओढ्यापलीकडं बघत होता. लाकडं पेटली असती तर धूर तरी दिसला असता. गॅसचं बाहेरून काय कळतंय? ज्योती आली तरच चूलबंद पुरं, नाहीतर नाही.

व्याही म्हणाले, आता बसा आमच्या पंगतीला. त्यानं हात जोडले. चूलबंद देणारा शेवटचं घर जेवल्याशिवाय ताटावर बसत नाही. मुक्तानं डोळ्यानं खुणावलं, मी दटावलं, उपयोग शून्य. पंगती उठत गेल्या. पोरं पत्रावळी गोळा करायला लागली. पीरमहंमद भगोण्यात डोकावून म्हणाला, "एका-दोघांपुरती लापशी हाय. कुनाला ठिवायची?"

"ऱ्हाऊ द्या," कानिफ म्हणाला.

तेव्हा ओढ्याच्या उतारावर ज्योती दिसली. एका हाताला सासू धरलेली. दहा पावलं चालायची, म्हातारीला दम खाऊ द्यायची, परत चालायची. कानिफ जागचा हलला नाही. तीच येऊन समोर उभी राहिली.

"गॅस वाचला म्हनून आले," ती म्हणाली. "दुसरं काय न्हाई."

"शेगडी?"

"तुमी उंबरा ओलांडला आन् बंद केली. फुकट जाळायला मी काय येडी हाय? उशीर ह्यांच्या पायानं झाला."

"माझ्या पायाला नावं ठिवू नको," सासू धापा टाकत म्हणाली. "आधी वाढा."

दोघींना मी वाढलं. ज्योतीनं भातात आमटी कालवली, घास घेतला, थबकली. "आमटीत गूळ कुनी घातला?"

"काहिलीनं," पीरमहंमद म्हणाला.

सासूनं लापशी दोनदा मागून घेतली. भगोणं रिकामं झालं. ज्योती हात धुऊन आली, माझ्या हातातलं उलथनं काढून घेतलं आणि तळाला लागलेली खरवड खसाखसा खरडली. एका पत्रावळीवर घातली, वर आमटी ओतली.

"बसा, भाऊजी," ती म्हणाली. "आता कुनी राह्यलं न्हाई."

कानिफ मांडी घालून बसला. डागाळलेला सदरा, सुटत आलेला फेटा. खरवड जरा करपली होती. त्यानं पानात कण ठेवला नाही.