शहाडचा शिवणवर्ग

स्वातंत्र्यानंतरच्या त्या वर्षांत आमच्या महिला समितीने अडचणीतल्या मुलींसाठी शहाडला शिवणवर्ग काढला होता. तो चालू ठेवावा का, हे पाहायला मला कल्याणहून पाठवलं. चौदाएक वर्षांची एक मुलगी रोज सर्वांत आधी यायची, पण तिला साधं काज करणंही जमत नव्हतं.

“मग येतेस कशाला गं?” मी विचारलं.

ती खालमानेने म्हणाली, “बाई, घरी सावत्र बाप असतो. इथे दाराला आतून कडी आहे.”

समितीत मी हे जसंच्या तसं सांगितलं. मग अध्यक्षीणबाईंनी विचारलं, “पण शिवण किती जणींना आलं?”

वर्ग बंद झाला. मुलीला माझ्याकडे आणावं म्हणून मी तिच्या घरी गेले. सावत्र बाप दारातच म्हणाला, “तिला उजवली. लग्न लावून सासरी धाडली.”