हिरव्या लुगड्याचा शॉट

आमच्या आमगावात सिनेमा बनला होता, असं सांगितलं की लोक आधी हसतात. पण बनला होता, आणि तोही आमच्याच धानाच्या बांधीत! बनवणारा मुंबईचा नव्हता. गोंदियाला स्टेशनजवळ ज्याचा फोटो स्टुडिओ होता ना, तो सिंधी. फाळणीनंतर म्हातारी आई आणि एक पेटी घेऊन आलेला. अख्खं गाव त्याला शरणार्थी म्हणायचं, तेही तोंडावर. "काऊन बे शरणार्थी, फोटो धुतला का?" तो हसून पाकीट पुढे करायचा.

लग्नांचे फोटो काढायचा. तिरडीवरच्या म्हाताऱ्या बुडग्यांचे काढायचा. टॉकीजमध्ये इंटरव्हलला दाखवतात त्या जाहिरातींच्या काचा रंगवायचा. हे सगळं करून करून त्यानं चावी भरायचा एक जुना फिल्मचा कॅमेरा घेतला आणि सालेकशाच्या जंगलात जाऊन बिडीचा तेंदूपत्ता तोडणाऱ्या बायांची फिल्म बनवली. मी पाहिली आहे ती. गाणं नाही, गोष्ट नाही, नुसते हात! पान खुडणारे, पुडा बांधणारे, लेकराच्या तोंडावरची माशी हाकलणारे. मला वाटलं, हे हात मी रोज पाहते आणि कधीच पाहिले नाहीत. टॉकीजमध्ये मोठ्या सिनेमाच्या आधी लावली, तर लोकांनी शिट्या मारल्या. मागून कोणी म्हणालं, "पत्ता नोको दाखवू, बिडी दे." सगळं टॉकीज हसलं. तो दाराशी उभा होता. बाहेर निघताना लोकांनी शेंगदाण्याची टरफलं त्याच्या अंगावर झाडली. हसत हसत, ओळखीच्या माणसावर झाडावी तशी.

माझ्या बाबाला तो आवडायचा. त्याला भाऊ म्हणणारा आमच्याकडचा बाबा एकटाच असेल. आमच्या घरी चहा पिताना त्यानं एकदा आपल्या आईचं सांगितलं. छावणीत पेपरवाला फोटो काढायला आला. आईचे केस सुटलेले, ओढणी फाटलेली. ती म्हणाली, थांब, केस बांधते. तो थांबला नाही. फोटो छापून आला. तेव्हापासून म्हातारी घराबाहेर पडत नाही.  माय तर पदर डोळ्याला लावून बसली.

मग एका पावसाळ्यात तो आला, म्हणाला, धानाची रोपं चिखलात लावतात त्या रोवणीची फिल्म बनवतो आहे, दिल्लीला पाठवायची आहे, ही चालली नाही तर कॅमेरा विकून कपड्याचं दुकान टाकतो. त्याला एक चेहरा पाहिजे होता आणि तो त्यानं आमच्या घरात पाहिला होता. माझ्या मोठ्या बहिणीचा.

बहिणीची सोयरीक तिरोड्याकडे जुळली होती. साक्षगंध झालं होतं, रोवणी आटोपली की तारीख काढायची होती. बाबाला वाटलं, फिल्म म्हणजे मोठा फोटो. फोटो काढायचा म्हटलं की आमच्याकडे काय करतात? डोक्याला तेल, अंगावर पेटीतलं लुगडं, जमलं तर शेजारची नथ. बहीण साक्षगंधाचं हिरवं लुगडं नेसून बांधावर उभी राहिली. आणि ती एकटीच नाही हो, रोवणीच्या सगळ्या बाया! चिखलात रोवायला आलेल्या बाया लग्नाला आल्यासारख्या नटून उभ्या.

तो डोक्याला हात लावून बांधावर बसला. मग उठला, एका मजूर बाईला नवं लुगडं देऊन तिचं घरचं फाटकं मागून आणलं आणि बहिणीपुढे धरलं.

माय म्हणाली, "माह्या पोरीच्या अंगावर दुसऱ्याचं फाटकं? कायले?"

तो म्हणाला, "माँजी, दिल्ली जाएगी फिल्म. यहाँ कौन देखेगा."

बाबानं मधला रस्ता काढला. एक फोटो फाटक्यात घे, तुझ्या दिल्लीसाठी. दुसरा हिरव्यात घे, पाहुण्यांसाठी. तो म्हणाला, हिरवा रंग दिसतच नाही, सगळं काळं-पांढरं येतं. बाबा म्हणाला, "काठ तं दिसन?"

मग तसंच झालं. फाटक्या लुगड्यात बहीण गुडघाभर चिखलात उभी राहिली, हातात पऱ्ह्यांची, धानाच्या रोपांची जुडी, आणि तो म्हणाला तशी वर आभाळाकडे पाहत राहिली. मग हातपाय धुऊन हिरवं नेसली. त्यानं पुन्हा चावी भरली, कॅमेरा कर्र वाजला. हिरव्याला तर जास्तच वेळ वाजला. बाबा खूश!

फिल्म दिल्लीत नावाजली गेली. पेपरात आलं आणि मग काय, गोंदियाच्या त्याच टॉकीजनं मागून घेतली. टरफलं झाडणारे लोक आता "आपला माणूस" म्हणून त्याच्या गळ्यात हार घालून राहिले होते. बाबानं तिरोड्याच्या पाहुण्यांना निमंत्रण दिलं. या, आमची पोरगी पडद्यावर पाहा, हिरव्या लुगड्यात.

आम्ही सगळे एका ओळीत बसलो. बाबाच्या बाजूला व्याही. पडद्यावर बहीण आली, एवढी मोठी! खांद्यावर फाटलेलं, गालावर चिखल, डोळे वर. खरं सांगते, इतकी सुंदर ती मला कधी दिसली नव्हती. फिल्ममधून एक जड आवाज बोलला, "यह धरती सबका पेट भरती है, पर इस बेटी की थाली खाली है." लोकांनी टाळ्या वाजवल्या. बाबा व्याह्याला म्हणाला, थांबा, आता हिरवं येते. मग बैल आले, पाऊस आला, बगळे उडाले. बाबा पुन्हा म्हणाला, आता येते. पडदा पांढरा झाला, दिवे लागले.

व्याही उठला, धोतर झटकलं. "थाली खाली हाये म्हनते. अन् आमाले तं धानाच्या कोठ्या दाखवल्या होत्या. कोनाच्या होत्या जी?"

बाबा म्हणत राहिला, अजी, दुसरा फोटो आहे, हिरव्यातला, विचारा त्याला. तो समोरच उभा होता, गळ्यात हार. कोणाचे तरी हात हातात घेऊन बोलत होता. आमच्याकडे त्यानं पाहिलं नाही. सोयरीक त्याच आठवड्यात मोडली.

मी स्टुडिओत गेली. एकटीच. विचारलं, हिरवा कुठं आहे?

"उसमें रील थी ही नहीं, बेटा," तो म्हणाला. "रील बहुत महँगी आती है. खाली कॅमेरा चलाया था, तुम्हारे बाबा का दिल रखने को."

मी म्हटलं, "आन् तुमच्या मायले केस बांधू नाई दिले, ते?"

मला वाटलं आता तो रडेल. तो फिल्मच्या पट्टीवरची धूळ पुसत राहिला. म्हणाला, "वही फोटो देखकर छावनी में कंबल आए थे."

आतल्या खोलीत म्हातारी होती. पडद्यामागून तिची बांगडी वाजली. तिनं ऐकलं असणार.

तो आता दिल्लीतच असतो. तीन-चार फिल्मा झाल्या, विणकरांवर, खाणीतल्या पोरांवर. चांगल्याच असतील. बहीण घरीच आहे. त्या वर्षापासून रोवणीला ती तेच हिरवं लुगडं नेसून जाते. चिखलानं त्याचा काठ कुजला आहे. माय ओरडून थकली. बांधीतल्या बाया अजून सोडत नाहीत. वाकल्या वाकल्या विचारतात, "काय वो, आज कॅमेरा येऊन राहिला का?"

ती पऱ्हे रोवत राहते. म्हणते, "आला तरी रीलच नाई वो त्यात."