शेवटच्या ओळीतलं नाव

दिल्लीत, द्वारकेतल्या आमच्या बाल्कनीत वाळत घातलेल्या कपड्यांना त्या साबणाचा वास आला, की मला नोएडातला तो स्टुडिओ आठवतो. लेकीच्या बारशाला मी रचलेला पाळणा साबणाच्या कंपनीला जाहिरातीसाठी हवा होता. "शेवटच्या ओळीतलं रेवाचं नाव तेवढं राहू द्या," निघताना बायको म्हणाली होती. मी म्हणालो, "बिल्कुल." तिथे हेडफोनवर ऐकलं, तर तिच्या नावाच्या जागी साबणाचं नाव होतं. कागदी कपातला चहा हातात धरून मी "अच्छा है" म्हणालो आणि सही केली.

रेवा सहाव्या वर्षी तापाने गेली.

काल बायको म्हणाली, "तिचा पाळणा म्हणा ना एकदा." मी म्हणू लागलो. शेवटच्या ओळीत साबणाचं नाव कधी आलं, मला कळलंच नाही. ती उठून बाल्कनीतले कपडे काढायला गेली. ते अजून ओलेच होते.