सात नंबरची फट

शर्यत कोण जिंकतं असं विचारलं, की लोक चालकाचं नाव सांगतात. ज्यांना जरा जास्त कळतं ते गाडी बनवणाऱ्याचं सांगतात. पण शर्यत सुरू कुणामुळे होते असं विचारलं, की भलेभले एकमेकांच्या तोंडाकडे बघतात. शर्यत सुरू होते ती चौदा फुकट राबणाऱ्या माणसांच्या एकेका शब्दामुळे. धावपट्टीच्या कडेनं चौदा चौक्या. सुरुवातीआधी मनोऱ्यातून शर्यतप्रमुख वायरलेसवर आकडे पुकारतो आणि त्या त्या चौकीचा माणूस उत्तर देतो. "एक, तयार." "दोन, तयार." चौदाही जण म्हणाले की मगच दिवे लागतात. एकजण जरी नाही म्हणाला, तरी जगातल्या सगळ्यात वेगवान गाड्या जागच्या जागी गुरगुरत उभ्या.

ही गोष्ट सातव्या चौकीवाल्याची. घरात तो बाबा, गल्लीत वेल्डर, आणि धावपट्टीवर बावीस वर्षं नुसता 'सात'.

आठवडाभर तो आपल्या पत्र्याच्या शेडमध्ये खिडक्यांच्या जाळ्या जोडायचा. शर्यतीचे तीन दिवस शेडला कुलूप. बदल्यात काय मिळायचं? एक टोपी, एक जाकीट आणि दुपारी जेवणाचं पाकीट. खेळ जगभर दिसतो, त्याच्या जिवावर इमारती उभ्या राहतात, आणि त्यातला जीव सांभाळणारा माणूस पाकिटातल्या गार जेवणावर! पण सातला त्याचं काही वाटायचं नाही. चौकीवर उभा राहिला की तो स्वतःला राजा समजायचा.

मुळात माणूस भित्रा. पालीला घाबरायचा, लिफ्टला घाबरायचा, घरी सरकारी पाकीट आलं की बायकोला उघडायला लावायचा. "अशा माणसाला आगीपाशी कुणी उभं केलं कोण जाणे," बायको म्हणायची. त्यावर त्याचं ठरलेलं उत्तर असे, "अगं, भित्राच माणूस दार कुठे आहे ते आधी बघून ठेवतो."

त्याचं दार म्हणजे फट. धावपट्टीच्या कडेला लोखंडी कठडा, त्यावर माणसाच्या डोक्यावरून जाईल एवढी जाळी, आणि प्रत्येक चौकीजवळ त्यात एक माणूस तिरका होऊन निसटेल एवढी मोकळी जागा. गाडी आदळली, पेटली, तर आग विझवायचं सिलिंडर घेऊन त्या फटीतूनच पळायचं. एकोणीस वर्षांपूर्वी सातव्या वळणावर एक गाडी पेटली होती, तेव्हा तो असाच पळाला होता. चौकीपासून फटीपर्यंत चौदा पावलं, फटीपासून गाडीपर्यंत नऊ. आतला पोरगा जिवंत निघाला. सातच्या डाव्या हाताची कातडी कोपरापासून मनगटापर्यंत अजून वितळलेल्या मेणबत्तीसारखी आहे.

तेव्हापासूनची त्याची सवय. आकडा पुकारला की आधी फटीशी जायचं, तिच्या खांबावर डावा तळवा ठेवायचा, पलीकडे बघायचं, आणि मग बोलायचं. चौकीवर झेंडे सांभाळायला एक नर्सबाई होत्या. मोठ्या फटकळ. "बायकोचा हात तरी इतका प्रेमानं धरता का हो?" त्या विचारायच्या.

"बायको कुठे पळून जाते? फट बुजली तर काय घ्या!"

ती खरोखरच बुजेल असं त्याला स्वप्नातही वाटलं नव्हतं.

या खेळाला दोन धनी. नियम करणारा महासंघ आणि धंदा सांभाळणारी कंपनी. प्रक्षेपण, तिकिटं, जाहिरातीचे बोर्ड, सगळं कंपनीचं. इतकी वर्षं दोघांनी आपापली पायरी सांभाळली. मनोऱ्यात शर्यतप्रमुखाची एकच खुर्ची असायची. यंदा महासंघाचा अध्यक्ष बदलला. नवा माणूस कंपनीच्या पाठबळावर निवडून आलाय, हे चहावाल्यालासुद्धा ठाऊक होतं. मग मनोऱ्यात दुसरी खुर्ची आली. तिच्यावर कंपनीचे एक साहेब बसू लागले. दर दोन वाक्यांनंतर मनगट बघायचे, म्हणून चौक्यांवर त्यांचं नाव पडलं घड्याळसाहेब. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत म्हणतात. इथे राहिल्या, कारण त्यातली एक हळूहळू लाकडाची होत चालली होती.

आणि त्याच कंपनीच्या करार विभागात सातची मुलगी तीन महिन्यांपूर्वी कायम झाली होती. चार मुलाखती देऊन. नोकरीचं पत्र बायकोनं कपाटात साडीच्या घडीत ठेवलं होतं. शर्यतीच्या सकाळी मुलीनं बापाला बजावलं, "बाबा, यंदा कुणाशी वाद घालू नका हं. घड्याळसाहेब आमच्याच मजल्यावर बसतात."

"मी आजवर कुणाशी वाद घातलाय?"

"म्हणूनच सांगतेय. नवीन काही सुरू करू नका."

त्या दिवशी कंपनीनं एक टूम काढली. शर्यतीला तासभर असताना सगळ्या चौकीवाल्यांनी नवी जाकिटं घालून मुख्य पट्टीवर फोटोसाठी यायचं. चौक्या सोडून! जुनी माणसं कुरकुरली, पण गेली. फोटोवाल्यानं त्यांना तीनदा उभं केलं, दोनदा हसायला लावलं. परतायला उशीर झाला. सात धापा टाकत चौकीच्या पायऱ्या चढत होता, तेवढ्यात कानात आकडे सुरू झाले. पाच, सहा. आणि बावीस वर्षांची जीभ आपली आपण हलली.

"सात, तयार."

चालता चालता म्हणाला. तळवा न ठेवता.

मग तो वळला. फट नव्हती.

फटीच्या जागी बोर्ड होता. निळा, चकचकीत, माणसाच्या डोक्यापेक्षा उंच. या वळणावर गाड्या मंदावतात, कॅमेरा रेंगाळतो, म्हणून कुणाच्या तरी डोक्यातून निघालेली शक्कल. हे लोक फोटोसाठी हसत होते तेव्हा बसवलेला. सातनं धावत जाऊन खांद्यानं ढकलून पाहिला. चार पोलादी पट्ट्या आणि एक कुलूप. त्यानं आयुष्यभर लोखंडच हाताळलं होतं. हे हातानं निघणारं काम नव्हतं, हे त्याला एका नजरेत कळलं.

"अहो, हे काय?" नर्सबाई ओरडल्या. "आता पळायचं कुठून?"

"आठच्या फटीतून."

"ती किती लांब आहे?"

"एकशे साठ पावलं."

नर्सबाईंनी नजरेनंच अंतर मोजलं. भाजलेली माणसं त्यांनी वॉर्डात पाहिली होती.

कानात आकडे चालूच होते. "नऊ, तयार." "दहा, तयार." सातचा अंगठा वायरलेसच्या बटणावर होता, पण तो आपला नसून दुसऱ्याच कुणाचा असल्यासारखा. दिलेला शब्द कुणी मागे घेतल्याचं त्यानं आजवर ऐकलं नव्हतं. आणि गप्प बसलं तर? बहुतेक शर्यतींत सातव्यावर काहीच होत नाही. बावीस वर्षांत एकदा झालं. आज कशाला होईल? कपाटातली साडी त्याला दिसली, तिच्या घडीतलं पत्र दिसलं. "अकरा, तयार." "बारा, तयार." डावा हात खांब शोधत होता आणि त्याला नुसता गुळगुळीत निळा पत्रा लागत होता.

"तेरा, तयार."

त्यानं बटण दाबलं. आवाज निघाला तो कापायला नेलेल्या बकरीचा.

"सात... सात तयार नाही."

चौदा नंबरनं उत्तरच दिलं नाही. सगळ्या वाहिनीवर नुसती खरखर.

"सात, तुम्ही तयार म्हणाला होतात," शर्यतप्रमुखांचा आवाज आला.

"चुकून म्हणालो, साहेब. न बघता म्हणालो. फटीवर बोर्ड आहे. कुलूप लावलंय."

यानंतर आवाज आला तो घड्याळसाहेबांचा. त्यांना वायरलेसला हात लावायचाही अधिकार नव्हता. "तो बोर्ड परवानगीनं लागलाय. अर्धं जग टीव्हीसमोर बसलंय. तयार म्हणा आणि विषय संपवा."

सातनं बटणावरचा अंगठा उचलला.

"तुमचं नाव काय?"

"सात."

"घरचं विचारतोय."

तेव्हा त्याला भीतीचा तळ लागला. नाव सांगितलं की आडनावही कळेल, आणि तेच आडनाव साहेबांच्या मजल्यावर मुलीच्या टेबलावरच्या पाटीवर होतं. नर्सबाईंनी मानेनं 'नको नको' केलं. त्यानं डोळे मिटले आणि नाव सांगितलं. आडनावासकट, सावकाश, अर्जात लिहितात तसं.

मनोऱ्यातल्या दोन खुर्च्यांमध्ये काय झालं ते कुणाला कधी कळलं नाही. मग शर्यतप्रमुख एवढंच म्हणाले, "सुरुवात थांबवा. सातवरचा बोर्ड काढा." लाकडाच्या तलवारीला तेवढ्यापुरती धार आली.

किल्ली घेऊन दोन कामगार मोटारसायकलवर आले. अकरा मिनिटं गेली. आकडे पुन्हा एकपासून सुरू झाले. या वेळी सातचा तळवा खांबावर होता आणि खांब घामानं ओला झाला होता.

शर्यत झाली. सातव्यावर काहीही झालं नाही. साधं चाक घसरलं नाही. तिसाव्या फेरीला एक गाडी जराशी हेलकावली, आणि एक क्षण, फक्त एक क्षण, त्याच्या मनात आलं, आदळू दे. म्हणजे मग कळेल सगळ्यांना. गाडी सावरून निघून गेली. तो मात्र मटकन खाली बसला. त्या दिवशी तो घड्याळसाहेबांना भ्याला होता, नोकरीच्या पत्राला भ्याला होता, पण स्वतःच्या या विचाराला भ्याला तेवढा कशालाच नाही.

मंगळवारी मुलगी कामावरून आली ती पर्स छातीशी धरून. स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसली आणि पाकीट काढून टेबलावर ठेवलं. नेहमीप्रमाणे सातनं बायकोकडे पाहिलं. बायको म्हणाली, "या वेळी तुम्हीच उघडा."

पुढल्या वर्षापासून यायचं नाही. चुकीचा अहवाल देऊन सुरुवात लांबवल्याबद्दल. खाली कबुलीची सही करायला जागा.

"मीच टाईप केलंय," मुलगी म्हणाली. तिचा चेहरा उतरला होता. "मुद्दाम मलाच दिलं. साहेब बाजूला उभे होते, मनगट बघत. सही आणलीस तर तुझं काही बिघडणार नाही म्हणाले."

"आणि नाही आणली तर?"

"ते नाही म्हणाले."

सातनं पत्र तीनदा वाचलं. मग चष्मा पुसून म्हणाला, "खरंय की. चुकीचा अहवाल दिलाच मी."

"बाबा!"

"पेन दे."

त्यानं सही केली. पण सहीच्या वर, जाळीचं माप लिहितो तशा ठसठशीत अक्षरांत, एक ओळ लिहिली: चुकीचा अहवाल तो पहिला. न बघता तयार म्हणालो, ती माझी चूक कबूल. दुसरा बरोबर होता. लिहिताना पेन एवढं दाबलं गेलं की 'बरोबर'मधला एक ब कागद फाडून गेला.

मुलीनं ओळ वाचली. बराच वेळ त्या फाटलेल्या जागेवर बोट फिरवत बसली.

"हे मी त्यांच्या टेबलावर नेऊन ठेवायचं?"

"नको असेल तर मी पोस्टात टाकतो."

"नको. नेते मी." तिनं कागदाची घडी घातली. "पण उद्या तुम्ही वरपर्यंत चला माझ्याबरोबर. एकटीला भीती वाटतेय."

"मला काय वाटत नाही होय? त्यातून तुमच्याकडे लिफ्ट आहे."

"जिना आहे की. नऊ मजले."

"मग घाबरत घाबरत चढू."

बायकोनं शेगडीकडे वळून भांडं उतरवलं. "नऊ मजले चढायचे तर उपाशी नको," ती म्हणाली, "सकाळी दोघांचाही डबा करते."