वाफेच्या पेटीवरची फुली

वैद्य नाना पहिल्यांदा माझ्या पाथर्डीच्या दुकानात आले ते जळालेली मोटार घेऊन. औषधं दळायच्या यंत्राची, अर्ध्या हॉर्सपॉवरची, चोवीस खाचांची. वाइंडिंग, म्हणजे त्या खाचांत तांब्याची तार भरणं, मी कुणाकडे शिकलो नाही. जुन्या मोटारी उसवून शिकलो. माझ्या हातची मोटार कधी परत आलेली नाही, हे वाक्य नानांच्या गौरव अंकाच्या संपादकांनी कापू नये. नानांनी विचारलं, "जळली कशानं?"

"तारेवरचं वार्निश उडालं. मग करंट भलतीकडं जातो."

शेवटच्या वेढ्यापर्यंत ते स्टुलावर बसून बघत राहिले.

काही वर्षांनी माझा उजवा पाय ओढू लागला, एका डोळ्यानं धूसर दिसू लागलं. नगरच्या डॉक्टरांनी एमआरआय काढून मल्टिपल स्क्लेरोसिस सांगितलं. फिल्म घेऊन मी नानांकडे गेलो.

"मिस्त्री, तुझ्याच धंद्यातला आजार हाय की रं! नसांवरचं वार्निश उडालंय."

आयुर्वेदात या नावाचा आजार नाही, हे त्यांनी आधीच सांगितलं. वात बिघडून मज्जेपर्यंत पोचला, असं समजून चालायचं.

"बरं होईल?"

"वार्निश परत चढवायचं औषध माझ्याकडं न्हाई. पाय वापरात ठेवू, पोट आन् झोप सांभाळू. नगरची इंजेक्शनं बंद केलीस तर माझी पायरी चढू नको."

वाताला आधी तेल, मग वाफ, ही जुनी रीत. तिसऱ्या दिवशी वाफेच्या पेटीतून उठलो तर पाय कापडाचे झालेले, डोळ्यांपुढं अंधार. नानांनी मला पंख्याखाली निजवलं, ओल्या फडक्यानं स्वतः पुसत राहिले. मध्येच नगरच्या डॉक्टरांना फोन करून विचारून घेतलं. पावणेदोन तासांनी पाय माझे झाले. मग बाहेर ताटकळलेल्या रोग्यांसमोर ते म्हणाले, "या आजाराला उष्णता सोसत न्हाई. मला ठाऊक नव्हतं. चूक माझी."

एक म्हातारी म्हणाली, "आता गं बया! वैद्यच चुकला म्हनल्यावर आमी कुटं जायाचं?"

"हितंच बस. तुझ्या गुडघ्याला वाफच लागती."

पेटीच्या झाकणावर त्यांनी खडूनं आजाराचं नाव लिहून फुली मारली. पुसट झाली की आजही पुन्हा मारतात.

दिवाळीनंतर आमची वस्ती ऊसतोडीला जाते. टेम्पोत चढताना धाकटा भाऊ म्हणतो, "दादा, जपून ऱ्हा." मग दिवसच्या दिवस दारावरून कुणी जात नाही. दुकान बंद आहे. बोटांना बारीक तार कळत नाही. गुरुवारी अकराला मात्र नानांची स्कूटर येते. ते तळपायांना तेल चोळतात, मला डोळे मिटायला लावतात आणि कापूस टेकवून विचारतात, "कुठं?"

गेल्या महिन्यात काहीच कळेना. अंदाजानं म्हणालो, "टाचेला."

"करंगळीला हुता. खोटं कशाला बोलतोस, मिस्त्री?"

पायात काही उरलं नाही असं ठरलं तर नाना यायचे थांबतील, ही भीती होती. त्यांनी ती ओळखली. कापूस डबीत ठेवत म्हणाले, "तुला कळू दे न्हाईतर न कळू दे. गुरुवार तुझाच हाय."

आज नानांना पंचाहत्तर वर्षं पूर्ण होत आहेत. पुढची पंचवीस त्यांना निरोगी जावोत. ही शुभेच्छा निःस्वार्थ नाही, याची नोंद असावी. गुरुवारी साडेदहापासूनच मी दार उघडून बसतो. नाना, सावकाश या, पण या.